ल्याव छांगगनचा रांजण

ल्याव छांगगनचं पोट मेलेल्यांवर चालायचं. आमच्या या दक्षिणेच्या डोंगरात माणूस पुरला म्हणजे सुटला असं होत नाही. काही वर्षांनी थडगं उघडायचं, हाडं पुसून रांजणात बसवायची, तेव्हा कुठे तो घरचा पूर्वज होतो. तोवर नुसता भटका. पावलं तळाशी, मग नडग्या, मांड्या, कणा, बरगड्या, हात आणि सगळ्यात शेवटी डोकं; माणूस चुलीपाशी बसतो तसा. एकाचं बोटभर हाड दुसऱ्याच्या रांजणात गेलं तर दोन्ही घरं बुडतात, हे छांगगनला बापाने शिकवलं होतं. तेच तो आपल्या पोराला शिकवायला गेला.

पोरगं कसलं शिकतंय! हुओशंग शेतकरी संघात गेला, जमिनी वाटत हिंडू लागला. म्हाताऱ्या श्ये जमीनदाराला गोळी घातली त्या दिवशी निकाल वाचणारा हाच होता. वर बापाला म्हणायचा, "तुम्ही मेलेल्यांची धुणीभांडी करा बाबा, आम्ही जित्यांचं बघतो." छांगगनने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्यासाठी गवताच्या चपला वळणं मात्र काही सुटलं नाही.

मग एका शरदात संघाच्या पाठीशी असलेली लाल सेना पश्चिमेकडे निघून गेली. हुओशंग मागे राहणाऱ्यांत होता. जमीनदाराचा मुलगा श्ये पाओथांग बंदूकवाले घेऊन परत आला आणि त्याने हुओशंगसकट सात जणांना नदीकाठच्या कापराच्या झाडाखाली उभं करून गोळ्या घातल्या. सातही एकाच खड्ड्यात गेले. वर हुकूम सुटला की यांची हाडं कुणी उचलायची नाहीत. जिवंत माणूस मारला तो मारलाच. पण मेल्यावरही त्याला घरी येऊ द्यायचं नाही म्हणजे निव्वळ विष झालं.

वर्षं गेली. श्येच्या घरात दोन लेकरं दगावली. थडग्यांचं शुभाशुभ बघणारा जाणता म्हणाला, वडील मातीत बेचैन आहेत, त्यांना वर काढा. आता मुलखात हाडं लावणारा एकच उरला होता. छांगगनला बोलावणं आलं. तो गेला, उभाच राहिला आणि म्हणाला की काम करतो, पण बदल्यात तो खड्डा उघडू द्या.

"मान जड झाली का रे तुला?" श्येने विचारलं.

"उडवा की मालक. मग वडिलांचं कुठलं हाड कुठे, ते तुम्हीच लावत बसा."

श्येने राग गिळला. परवानगी मिळाली ती एका रांजणाची, फक्त पोराच्या हाडांची, आणि तीही पहारेकऱ्याच्या डोळ्यांसमोर. छांगगनने म्हाताऱ्या श्येची हाडं तांदळाच्या दारूने पुसून इमानाने लावली. त्यात त्याने काहीही खोट ठेवली नाही.

खड्डा उघडला त्या सकाळी उरलेल्या सहा घरांतल्या बाया काठावर येऊन उभ्या राहिल्या. लायकाकूने रिकामी टोपली आणली होती. पहारेकऱ्याने ती लाथेने नदीत उडवली.

हाडांवर उघडं आभाळ पडू नये म्हणून छांगगनच्या बायकोने छत्री धरली. माती सरली तशी छांगगनला आपला पोरगा लगेच सापडला. लहानपणी झाडावरून पडून डावा हात मोडला होता, तो वाकडाच जुळला होता. ते हाड मांडीवर घेऊन तो बराच वेळ बसला. सगळा पोरगा समोर होता, रांजण रिकामा होता, आणि याच दिवसासाठी त्याने आपली मान पुढे केली होती.

मग त्याने काठाकडे पाहिलं आणि कामाला लागला. पावलं एकाची घेतली. नडग्या दुसऱ्याच्या, मांड्या तिसऱ्याच्या, कणा चौथ्याचा, बरगड्या पाचव्याच्या. हात हुओशंगचे. डोकं सातव्याचं. बापाचे शब्द कानात घुमत होते. पण दोन नव्हे, सात घरं आधीच बुडाली होती.

पहारेकरी वाकून बघत होता. दोन पाय, दोन हात, एक डोकं.

"झाला पुरा?"

"झाला," छांगगन म्हणाला.

नंतर त्या सहा घरच्या बाया विस्तव मागायच्या निमित्ताने एकेक करून आल्या. काय केलं ते त्याने प्रत्येकीला सांगितलं. प्रत्येकीने एकच विचारलं, डोकं कुणाचं? मातीने सगळ्यांचे चेहरे सारखेच करून टाकले होते. त्याला काय कळणार? पण तो प्रत्येकीला हलकेच म्हणाला, "तुझ्याच माणसाचं. कुणाला सांगू नकोस." आजन्म खोटं न बोललेला माणूस सहा वेळा तेच बोलला, आणि त्यातलं एकच खरं होतं.

बायकोने शेवटी विचारलं. तिच्याशी त्याला खोटं बोलवेना.

"आपले हात आहेत."

"आणि बाकीचा?"

"तिथेच."

तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं.

पुढे दर वसंतात थडगी झाडायच्या दिवशी ल्यावांच्या टेकडीवर, त्या रांजणापाशी, सात घरं जमायची. सहा घरच्या बाया रांजणाच्या झाकणावरून हात फिरवायच्या, केस कुरवाळावेत तसा. छांगगनची बायको मात्र खाली बसून रांजणाच्या कुशीला, आतले हात असतील तिथे, तळवा लावून ठेवायची.