कुंकवाजवळची खूण

तुळजापुरात देवळाच्या वाटेवर कवड्यांच्या माळा विकणारी मथुराबाई, अन् तिच्या शेजारच्या गाळ्यात बांगड्या विकणारी मी, बानूबाई. ही बाई म्हणजे माझ्या डोक्याला ताप. दर मंगळवारी आपला गाळा माझ्या गळ्यात टाकायची अन् देवळात चिंतामणीच्या दगडाकडं पळायची. त्या गोल दगडावर हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा; उजवीकडं फिरला तर व्हय, डावीकडं फिरला तर न्हाय. हिचा प्रश्न अख्ख्या गल्लीला पाठ होता. आरोही परत येईल का?

आरोही तिची एकुलती लेक. जर्मनीत कसला तरी नव्या जातीचा कॉम्प्युटर बनवायला गेलेली. "करतीस तरी काय गं तिथं?" एकदा मीच फोनवर विचारलं. पोरीनं कॅमेऱ्यापुढं संत्रं धरलं.

"मावशी, साध्या कॉम्प्युटरात एकतर होय, न्हायतर नाही. आमच्या नव्या कॉम्प्युटरातल्या क्यूबिटला ह्या सालीवरची कुठलीबी जागा चालती. वरचं टोक होय, खालचं नाही, मधे दोन्हीची मिसळ. पण मोजलं की दोन्हीतलं एकच हाती येतं. आधीची जागा गेलीच."

"वरच्या टोकाजवळ असलं तर व्हयच येणार ना?" मथुरानं घाईनं विचारलं.

"बहुतेक. पण कधीकधी नाहीबी येतं, आई."

झालं! बाईनं एका लिंबाला वर कुंकू, खाली काजळ लावलं अन् कुंकवाजवळ नखानं खूण केली. "आरोही इथं हाय," म्हणायची. लिंबू सुकलं की नवं आणायची, खूण तिथंच. दगडाकडं जाणं मात्र बंद. मी म्हटलं, "देवीवर रुसलीस व्हय?"

"विचारलं अन् न्हाय आलं तर? तवर खूण तरी राहू दे."

श्रावणात लेकीचा फोन आला. तिथली नोकरी कायम होत होती. "आई, तू ये म्हण, मी येते. तुझ्या मनात काय हाय?"

मथुरानं लिंबू मुठीत आवळलं. मला वाटलं, आता ही ओरडूनच म्हणणार, ये! दुसरं मागितलं काय होतं बाईनं आजवर?

"नको येऊस," मथुरा म्हणाली. "चांगलं चाललंय तुझं. राहा तिथंच."

फोन ठेवल्यावर मी लई शिव्या घातल्या. "खूण कुंकवाजवळ, अन् तोंडातून काजळ आलं व्हय गं तुझ्या?" ती रडली, मग माळा ओवत बसली.

मंगळवारी बघते तर बाई परत देवळाकडं निघालेली! मी चिडलेच. "आता काय विचारणार त्या दगडाला?"

"विचारायचं काय न्हाय," ती म्हणाली. "नुसता हात ठेवून येते. पोरीच्या डोक्यावर ठेवल्यागत वाटतंय."