वाकड्या हँडलची किंमत

सायकलच्या दुकानात डबीत छर्रे जमत जातात, तसे किस्सेही जमतात. कोणता कोणत्या सायकलचा, ते नंतर सांगता येत नाही. आठवीतून शाळा सोडून मी आदिलाबादला पोशेट्टीमामांच्या दुकानात लागलो, तेव्हापासूनचे माझ्याकडे बरेच आहेत. चारचौघांत सांगायला गेलो की माझी जीभ अडते. म्हणून लिहितो.

*

मामा आधी बैलबाजारात दलाल होते. पुढे जुन्या सायकली घेऊ-विकू लागले, पण सवय बैलांचीच राहिली. सायकल आली की आधी चक्राचे दात पाहायचे. मग मालकाला ती जरा चालवून आणायला लावायचे आणि स्वतः डोळे मिटून आवाज ऐकायचे.

एकदा भीमपूरकडचा एक शेतकरी सायकल विकायला आला. म्हणाला, "मामा, घरीच उभी राह्यते. मांगं कदी बायकोशिवाय कोनी बसलं नाई."

मामांनी दबलेल्या कॅरिअरवर हात फिरवला. स्प्रिंगमध्ये कापसाचे पुंजके अडकले होते.

"बायको कापसाची हाय का रे?"

*

भाव मात्र तोंडाने बोलायचा नाही, ही बाजारातली रीत मामांनी दुकानातही ठेवली. दुपट्टा हातावर टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. किती धरली ते दोघांनाच ठाऊक. मिटलेली मूठ हातात दिली, म्हणजे विकायचं नाही. जनावर परत दावणीला.

मावल्याचा एक दूधवाला हसला होता. "मामा, सरळ बोला ना. लाजता काऊन?"

"मी कायले लाजू? तुया सायकलीले कमी भाव आला तं मान तुयीच खाली जाईन. आमी तुले झाकून राह्यलो."

मला ही रीत आवडायची. दुपट्ट्याखाली बोलावं लागत नाही.

*

वानखडे गुरुजी सीमेवरच्या एका खेड्यात शिक्षक होते. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी बसच्या टपावरून एक गंजलेली सायकल उतरवून आणली. बारीक टायर, उंच सीट आणि मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. रेसची सायकल होती. त्यांच्या धाकट्या भावाने, मिलिंदने, नागपूरहून जुनी घेतली होती. एक दिवस दोघा भावांचं बोलण्यावरून बोलणं वाढलं. मिलिंद चालत घराबाहेर पडला. सायकल भिंतीला राहिली. मग कित्येक वर्षं त्याचं पत्र नाही, निरोप नाही.

"घरात पायात येते," गुरुजी म्हणाले. "दुरुस्त करा. बरी किंमत आली तं विकून टाका." त्यांना स्वतःला सायकल येत नव्हती.

मी ती पूर्ण खोलली. हिवाळाभर रॉकेलमध्ये धुतली, चाकं सरळ केली, ब्रेक बसवले. गुरुजी दर बाजाराला यायचे आणि बाकावर बसून पाहत राहायचे. रंगाचा डबा आणला त्या दिवशी ते उठून जवळ आले.

"निळाच ना? त्याचा निळाच होता. पन एवढा फिक्का नाई." मी डबा बदलून आणला.

*

सायकल चकाचक झाली, पण तिची किंमत कोणालाच सांगता येईना.

दूधवाल्याने चारी बाजूंनी पाहिली. "कॅरिअर नाई, स्टँड नाई. कॅन कुठं अडकवू? अर्धीच सायकल हाय, भाव बी अर्धा."

पानवाला म्हणाला, "एवढी मान खाली घालून चालवाची? समोरून सासरा आला तं दिसन कसा?"

मामांनी दात पाहिले, आवाज ऐकला. "दात चांगले हाये. पन या जातीचं जनावर माह्या बाजारात कदी आलंच नाई."

*

विकायच्या आधी हँडलला चमक द्यायची म्हणून मी ते काढून ओट्यावर ठेवलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तर शेजारचे लोहार ब्रह्मय्या घाम पुसत उभे. हँडलचं एक शिंग सरळ झालं होतं.

"कुठं आपटली होती रे? लई वाकलं होतं. पैशे नको देऊ, शेजारी हाव."

मामा खाली बसले. आम्ही ते पुन्हा वळवलं, पण दोन्ही बाजू सारख्या येईनात. भट्टीत त्या बाजूची चकाकी जाऊन ती काळीनिळी पडली होती. गुरुजींना दाखवलं. त्यांनी त्या जागेवरून हात फिरवला. ब्रह्मय्या मात्र नंतर बरेच दिवस आमच्याकडे मान वर करून पाहत नव्हते.

*

शेवटी निर्मलच्या एका ठेकेदाराचा मुलगा मोटरसायकलवर आला. रेसच्या सायकलीचं त्याला वेड होतं. गुरुजी बाकावरच होते. मामांनी आपला दुपट्टा माझ्या हातात दिला.

"बाबू, सायकल तू उभी केली. सौदा तूच कर."

मुलाने हँडलवर टिचकी मारली. "हैंडल खराब है. कम करना पड़ेगा." तरी दुपट्ट्याखाली त्याने धरलेली बोटं आमच्या कोणाच्याही अंदाजापेक्षा जास्त होती. माझ्या चेहऱ्यावरून मामांना ते कळलं असावं. ते सरळ होऊन बसले.

मग मी गुरुजींच्या हातावर दुपट्टा टाकला आणि तेवढीच बोटं धरली. खडूने कोरडा पडलेला हात. तो बराच वेळ तसाच राहिला. मग हळूहळू मिटला, आणि त्यांनी मूठ माझ्या तळहातात ठेवली.

"नहीं बेच रहे," मी म्हणालो. मुलगा किक मारून निघून गेला.

मामांना राहवलं नाही. "गुरुजी, त्यानं भाव चांगला देल्ला असन. हँडलच्यानं मन खट्टू झालं का? नागपूरहून दुसरं मागवतो. मंग विका."

गुरुजी सायकलजवळ गेले आणि हँडलची ती काळी पडलेली बाजू धरली.

"नको मामा, हेच राहू द्या. मिलिंद आला का पह्यले याच्यावरूनच भांडन. तेवढंच बोलनं तं सुरू होईन."