तांडेलताई आणि अकरा डब्या

तांडेलताई लोकांना खोकायला शिकवायच्या. थट्टा नाही, ठाण्याच्या क्षयरोग केंद्रातल्या आरोग्यसेविका म्हणून ते त्यांचं रोजचंच काम. बांधकामावर परगावचे मजूर तपासायला गेल्या की सगळ्यांना मोकळ्यावर उभं करायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि पोटातून असा खोकला काढून दाखवायच्या की मिक्सरवरचा माणूसही वळून बघायचा. "थूक नहीं मंगता मेरे को, अंदर का मंगता," हे त्यांचं ठरलेलं हिंदी. जन्म खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, त्यामुळे आवाजाला माइक लागत नसे.

मी तिथल्याच प्रयोगशाळेत. एकदा माजिवड्याला, एका टॉवरच्या कामावर, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या अकरा जणांची तपासणी होती. मजुरांनी दिलेल्या बेडक्याच्या डब्या ताईंनी उजेडात धरल्या आणि सगळ्या परत केल्या. "ये तो पानी है. सुबह उठके भरके देने का." दुसऱ्या दिवशी अकराही डब्या छान भरून आल्या. मी त्या मशीनला लावल्या आणि अकराच्या अकरा पॉझिटिव्ह निघाल्या.

नोकरीत असं कधी पाहिलं नव्हतं. उत्साहाच्या भरात मी ताईंच्या आधी साइटच्या सुपरवायझरला फोन लावला आणि त्या खोलीतल्या कुणालाही बाहेर सोडू नका म्हणून बजावलं. वर मलाच माझं कौतुक वाटलं.

ताई आल्या. डब्या ओळीने लावून त्यांनी नीट पाहिल्या.

"जल्ला, अकरा माणसं एकसारखी खोकतात कधी? सगळं एकाचंच आहे हे. अरे विजय, एक जण खरा आजारी आहे आणि तू अकरांना घाबरवून ठेवलंस. पळाला तर औषध कुणाला देऊ?"

डॉक्टरांना सांगून आम्ही रिक्षा पकडली. जाऊन बघतो तर सगळे बोचकी बांधून तयार. माझ्या फोनने घाबरून सुपरवायझरने खोलीच रिकामी करायला सांगितलं होतं. ताई सरळ दारातच सिमेंटच्या गोणीवर बसल्या. आता जायचं तर त्यांना ओलांडूनच जावं लागलं असतं.

"डब्बा किसने भरा?"

मग त्यांच्यातला सगळ्यात धिप्पाड सुरेंद्र पुढे आला. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. चांगली छाती काढून तो म्हणाला, "हम भरे, दीदी. इन लोगों का निकल ही नहीं रहा था. हमको तो रोज सुबह आता है."

ताईंनी हसू दाबलं आणि त्याला टीबी असल्याचं सांगितलं. त्याने बाकीच्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मतलब, ग्यारहों हम ही हैं?"

खोलीत हशा पिकला. तो मात्र आपल्या बोचक्यावर जाऊन बसला. ताई उठून त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "छे महीना गोली खाने का. पूरा ठीक होता. पर भागने का नहीं."

सगळ्यांचे नमुने त्यांनी डोळ्यांसमोर पुन्हा घेतले, दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढले. आणखी एकाचा आजार अगदी सुरुवातीला सापडला. तो गावी आईकडे गेला, ताईंनी त्याच्या औषधांची सोय तिकडच्या केंद्रात लावून दिली. सुरेंद्रचं मात्र गावी कुणी नव्हतं, आणि सुपरवायझर त्याला ठेवून घेईना. "आज याला काढलंस तर उद्या खरं कोण सांगेल रे?" म्हणत ताई अर्धा तास भांडल्या, पण तो हलला नाही. शेवटी ताईंनी सुरेंद्रला स्वतःबरोबर नेलं. खाडीवर त्यांच्या भावाची जाळी ठेवायची खोली होती, दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी. भावजयीने पुष्कळ बोलून घेतलं, मग तीच त्याला जेवण पाठवू लागली. सहा महिने ताईंनी एकही गोळी चुकू दिली नाही. मला त्या बाईचा तेव्हा इतका अभिमान वाटायचा की विचारू नका.

बरा होऊन सुरेंद्र दुसरीकडे कामाला गेला. पुढे ताई निवृत्त झाल्या. त्यानंतर चारेक महिन्यांनी दोन अनोळखी माणसं पिशव्या घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. कल्याणला गाडीतून उतरून, काम शोधायच्याही आधी, ती सरळ आमच्याकडे आली होती.

"सुरेंद्र भैया बोले, पहले दीदी के पास जाके खाँस लेना."

इतकी वर्षं आम्ही माणसांच्या मागे धावत होतो आणि आज माणसं आपल्या पायांनी आली होती. मला तिथेच नाचावंसं वाटलं. मी धावत जाऊन ताईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या,

"बसव त्यांना. चहा पाज. मी येते."

"अहो ताई, पण आता तुमची ड्यूटी कुठे आहे?"

"माझ्याकडे आलेत ना रे ते?"