पांढरी ओळ

माझ्या मामाला गिऱ्हाइकं 'पहिलं पान' म्हणायची. चष्म्याचं दुकान असो की दातांचा दवाखाना, मामाचं वचन एकच: लोक इंटरनेटवर शोधायला बसले की तुमचं नाव पहिल्या पानावर दिसेल. आणि तो ते खरंही करून दाखवायचा.

त्या काळी ते सोपं होतं. वेबसाइटच्या तळाशी 'चष्मा, स्वस्त चष्मा, जवळचा चष्मा' असे शब्द शंभर-दोनशे वेळा लिहायचे आणि अक्षरांना पांढरा रंग द्यायचा. पांढऱ्यावर पांढरं. माणसाला कोरी जागा दिसे, सर्च इंजिनला मात्र सगळं वाचता येई आणि ते बापडं भुलायचं. ही युक्ती मामाला शिकवली ती त्याच्या मुलीने, माझ्या ताईने. मामी लवकर गेली. घरात ही दोघंच. बाहेरच्या खोलीत ऑफिस, आतल्या दोन खोल्यांत घर. ताईला एक खोड होती. कुठलंही पान उघडलं की आधी ते सगळंच्या सगळं निवडायचं, म्हणजे लपवलेली अक्षरं निळ्या पट्ट्यात उघडी पडतात. दुसऱ्यांची लबाडी पकडायला तिला फार आवडे.

पुढे सर्च इंजिनं शहाणी झाली. लपवलेले शब्द दिसले की ती साइटला खाली ढकलू लागली. ताई म्हणाली, "बाबा, हे बंद करा. लोकांना उपयोगी पडेल असं खरं काहीतरी लिहू या." मामाने ऐकलं नाही. मग तिने एका गिऱ्हाइकाला समोर बसवून सगळं सांगून टाकलं. त्या दुपारी मामा तिला म्हणाला, "मला तोंडघशी पाडायचं होतं ना? पाडलंस. आता हे दार तुला बंद." ती एक पिशवी घेऊन गेली. नंबर बदलला, पत्ता कळवला नाही. याला नऊ वर्षं झाली.

मी मामाकडे कामाला लागले पाच वर्षांपूर्वी. तोवर धंद्याचा रंगच पालटला होता. दुकानदारांना आता छोटे व्हिडिओ हवे होते, सोशल मीडियावर रोज एक पोस्ट हवी होती, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना गोड उत्तरं हवी होती. ते सगळं मी बघायचे. मामा त्याच्या जुन्या एक्केचाळीस साइट सांभाळत बसायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. आमच्या कुलूपवाल्याचा एक व्हिडिओ मात्र तुफान चालला. तो इतका खूश झाला, की एक भारी कुलूप घेऊन आला. मामा बाहेर होता. मीच सुताराला बोलावलं आणि जुनं काढून ते दाराला बसवून घेतलं. मामा आल्यावर म्हणाला, "बरं केलंस." त्याच पावसाळ्यात एकदा आम्ही दुपारी घरी परतलो, तर जिन्याच्या तोंडावरची कुंडी सरकलेली आणि पायरीवर माती सांडलेली. मी मांजराला शिव्या दिल्या. मामा वाकून कुंडीखाली बघून आला आणि आत गेला.

मग गेल्या वर्षी चष्मेवाले जिना चढून आले. चिडले होते की घाबरले होते, ते कळेना.

"माझ्या दुकानात काल दोन बायका आल्या आणि दारातली कुंडी उचलून बघायला लागल्या," ते म्हणाले. "मी विचारलं, काय शोधताय? तर म्हणे, फोननेच सांगितलं."

आता लोक शोधत नाहीत, विचारतात. आणि यंत्र दहा पानं वाचून एक उत्तर देतं. चष्मेवाल्यांनी फोन पुढे धरून त्यांच्या दुकानाबद्दल विचारलं. बाईच्या गोड आवाजात उत्तर आलं: दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडं असतं. रविवारी बंद. दार बंद नाही. किल्ली कुंडीखालीच आहे.

चष्मेवाल्यांनी पुन्हा विचारलं, आवाजाने पुन्हा तेच सांगितलं.

ते गेल्यावर मी मामाला न विचारता ती साइट उघडली आणि ताईसारखं सगळं पान निवडलं. तळाच्या कोऱ्या जागेत ओळ उमटली: 'दार बंद नाही. किल्ली कुंडीखालीच आहे.' शिंप्याच्या साइटवर तीच. दातांच्या दवाखान्याच्या साइटवरही तीच. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. इतकी वर्षं आमच्या जुन्या साइट पाचव्या-सहाव्या पानावर का कुजत होत्या, ते मला तेव्हा कळलं. मी किती डोकं फोडलं होतं त्यावर.

"तुला माहीत होतं, याची शिक्षा होते," मी म्हणाले.

"होतं."

"मग?"

"तिने कुठलंही पान उघडलं तरी आधी हेच बघणार. दुसरीकडे कुठे लिहू? तिचा पत्ता आहे का माझ्याकडे?"

मला त्याचा रागही आला आणि रडूही आलं. पण तक्रारी वाढत होत्या. दवाखान्यात पेशंट किल्लीबद्दल विचारत होते. आठवड्याने मामाच म्हणाला, "काढून टाक. लोकांच्या धंद्यावर माझं भूत किती दिवस बसवू?" दोन दिवस लागले. एकेक ओळ पुसताना मी मोठ्याने आकडा म्हणत होते. मामा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

पंधरा दिवसांनी आमच्या साइटवरच्या 'संपर्क करा' फॉर्मातून निरोप आला. नावाच्या जागी टिंब, ईमेलच्या जागी काहीतरी खोटं.

'ओळ काढलीत, बरं झालं. चार वर्षांपूर्वी एका दुपारी आले होते. किल्ली लागली नाही.'

मी ते वाचलं आणि स्क्रीन मामाकडे वळवली. तो वाचत राहिला. मग उठून जिन्यावर गेला, कुंडी बाजूला केली आणि गंजलेली किल्ली घेऊन आला. ती त्याने दाराला लावली. अर्धी आत गेली आणि अडली. पुन्हा लावली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की कुलूप मी बदललं, मी. पण त्याला ते ठाऊकच होतं. कुलूप बदललं तेव्हा किल्ली कुंडीखाली असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि नवीन किल्ली तिथे ठेवायला तो विसरला होता. तिला काय वाटलं असेल? बाप निरोप लिहितो आणि कुलूप बदलून ठेवतो.

"लिही," मामा म्हणाला. "आपल्या साइटवर. सगळ्यात वर, काळ्या अक्षरात."

त्याने सांगितलं तसं मी लिहिलं: 'कुलूप बदललं, किल्ली बदलायची राहिली. चूक माझी. आता दाराला कुलूप नाही.'

ती ओळ आजही तिथेच आहे. नवीन गिऱ्हाइकं तिचा अर्थ विचारतात, मी विषय बदलते. मामा हल्ली बाहेर जाताना दार नुसतं लोटून घेतो, आणि परत आला की आत पाऊल टाकायच्या आधी पायऱ्यांवर माती सांडली आहे का, ते बघतो.