बोटभर उघडी खिडकी

शुक्रवारी मेलबर्न सोडलं तेव्हा आमच्या व्हॅनमध्ये तीन माणसं, भरपूर डूना (इथल्या जाड रजया), एक स्टोव्ह, खिचडीचं सामान आणि सासूबाईंची नऊवारी लुगडी एवढा ऐवज होता. ब्याऐंशी सालचा जुलै. आपल्याकडे पावसाळा, इथे ऐन हिवाळा.

सासूबाईंचं परतीचं विमान पुढच्याच आठवड्यात होतं आणि त्यांना बर्फ बघायचा होता. इतक्या महिन्यांच्या मुक्कामात त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. सासरे साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर डोंगर काढायचे, त्यावर आडवी रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "ही हिमरेषा. इथून वर बर्फ." जन्मभर हे सांगितलं, पण डोळ्यांनी बर्फ पाहायचं राहूनच गेलं. "मी बघितला की त्यांनी बघितल्यासारखंच," असं सासूबाई प्रवासभर म्हणत होत्या. आमच्याकडे शनिवार-रविवार एवढेच दिवस होते, सोमवारी माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, कामावर हजर व्हायचं होतं.

वाटेत मेंढ्या, पिवळी पडलेली कुरणं आणि पुन्हा मेंढ्या. एका गावात बेकरीपाशी थांबलो. सासूबाईंनी पाय (मांस भरलेली, बंद तोंडाची करंजीच म्हणा) हा प्रकार लांबून बघितला आणि डब्यातली धपाटी काढली.

ब्राइट नावाच्या टुमदार गावात पोहोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. नदीकाठच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये (राहण्याच्या गाड्या उभ्या करायची जागा) व्हॅन लावली. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. श्रीकांत पडला इंजिनिअर. फट दिसली की बुजवायची, हा त्याचा धर्म. त्याने सगळ्या काचा घट्ट लावल्या, फटींत वर्तमानपत्रं कोंबली, वर चिकटपट्टी मारली. मी आतच खिचडी टाकली. सासूबाईंचा नेम असा, की स्वतःच्या हाताने धुतलेलं लुगडंच नेसायचं. त्यांनी पार्कच्या न्हाणीघरात लुगडं धुऊन आणलं आणि व्हॅनमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर वाळत घातलं. खिचडीच्या वाफेने आत मस्त ऊब आली.

"बघितलंत ना, आई? वारा कुठून शिरेल तर शपथ!" श्रीकांत म्हणाला. मीही त्याची वाहवा केली.

सकाळी कपाळावर पडलेल्या थेंबाने जाग आली. छत ठिबकत होतं. डूना ओलसर, लुगडं होतं तेवढंच ओलं, आणि काचा पांढऱ्याफेक. श्रीकांतने बाहेरून पुढची काच खरवडली, तरी आरपार दिसेना. हिम आतून गोठलं होतं! त्याने माझं उलथनं घेतलं आणि आतून खरवडायला लागला. सगळा चुरा सासूबाईंच्या अंथरुणावर. जेवढं खरवडावं तेवढं आमच्या श्वासाने पुन्हा धुरकट व्हायचं. व्हॅनचा हीटर नुसता फुंकर घालत होता. शेवटी त्याने चहाचं उकळतं आधण उचललं आणि काचेकडे निघाला.

"ओय, मेट (मित्रा)! खाली ठेव ते! काच तडकेल!"

शेजारच्या कॅरॅव्हॅनमधली बाई पायजम्यावर ओव्हरकोट चढवून धावत आली. तिचं नाव मार्ज. निवृत्तीनंतर ती एकटीच देशभर भटकत होती. तिने आत डोकावून दोरी बघितली, खिचडीचं पातेलं बघितलं, चिकटपट्ट्या बघितल्या आणि पोट धरून हसली.

"तिघं रात्रभर श्वास सोडणार, वर स्वयंपाक, वर वॉशिंग! ते सगळं पाणी जाणार कुठे, लव्ह? काचेवरच ना?"

"पण खिडकी उघडली तर गारठून जाऊ," श्रीकांत म्हणाला.

"गारठ्यावर डूना आहे. ओलीवर काही नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवायच्या. बिली (चहाचं डबडं) बाहेर उकळायची. ओलं काही आत आणायचं नाही, आणि झोपण्याआधी काचा कोरड्या फडक्याने पुसायच्या. नो वरीज."

एवढ्यात मागच्या खिडकीवरचं हिम वितळून नुसतं धुकं उरलं होतं. सासूबाईंना वाटलं, आपण कशासाठी आलोय ते या बाईला कळायला हवं. इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी धुकट काचेवर बोटाने डोंगर काढला, त्यावर आडवी रेघ ओढली आणि रेघेच्या वर बोट ठेवून म्हणाल्या, "आमचे मास्तर."

"स्नो लाइन!" मार्ज ओरडली. मास्तरांचं मी समजावून सांगितलं, तेव्हा तिने सासूबाईंचा हात हातात घेतला.

"ते पुसू नका हो," सासूबाईंनी आम्हाला बजावलं.

काचा साफ होऊन निघेपर्यंत डोंगर ढगांत गेला होता. घाटाच्या तोंडाशी रस्ता अडवलेला. तिथला माणूस म्हणाला, "आज वर नाही, मेट. जोराचा बर्फ पडतोय. उद्या सकाळी लवकर ये. आर्वोला (दुपारनंतर) पुन्हा ढग येतील."

सासूबाई म्हणाल्या, "असू दे, नशिबात असेल तर दिसेल." ते ऐकून माझा जीव तुटला. सकाळ आमच्या हाताने वाया घालवली होती आणि आता उरली होती एकच.

संध्याकाळी खिचडी बाहेर वाऱ्यात शिजली, म्हणजे अर्धीकच्ची राहिली. प्रश्न होता खिडकीचा. सासूबाईंच्या मते उघड्या खिडकीतलं वारं थेट कानात शिरतं.

"आई, राहू दे. मी पहाटे उठून खरवडतो," श्रीकांत म्हणाला.

"उलथन्याने? झालं तेवढं पुरे!" त्यांनी कानटोपी घातली, वर दुसरी घातली, त्यावर मफलर गुंडाळला आणि स्वतः काच खाली घेऊन फटीत बोट घालून बघितलं. "एवढी बास ना?" मग धुतलेलं लुगडं बाहेर दोन झाडांच्या मध्ये बांधून आल्या.

सकाळी काचा लख्ख. गारठलो होतो, पण अंथरूण कोरडं होतं. लुगडं मात्र फळीसारखं ताठ झालेलं. श्रीकांत ते काखेत धरून दार आणावं तसा चालत आला आणि सासूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मार्जने हात हलवून निरोप दिला.

घाट चढत गेलो. आधी ओली माती, मग झाडांच्या बुंध्याशी पांढरे ठिपके, आणि एका वळणावर सगळंच पांढरं. "थांबव," सासूबाई म्हणाल्या. उतरून त्या थोड्या मागे चालत गेल्या. जिथे माती संपून बर्फ सुरू होत होता तिथे एक पाय मातीत आणि एक बर्फात ठेवून उभ्या राहिल्या.

"हीच ती. यांची रेघ."

आम्ही दोघं गाडीपाशीच थांबलो. मला रडू आलं, ते मी थंडीवर ढकललं.

सासूबाई भारतात परत गेल्या. आता साताऱ्यात शेजारणींना बर्फ रंगवून सांगतात. आम्ही मार्जचा नियम सोडलेला नाही. कुठेही मुक्काम असो, खिडकी बोटभर उघडी, व्हॅन कोरडीठाक.

पुढच्या हिवाळ्यात एकदा दुकानाबाहेर पाऊस लागला म्हणून मी व्हॅनच्या काचा लावून बसले होते. आत धुकं धरायला लागलं आणि मागच्या काचेवर हळूहळू डोंगर उमटला. त्यावर आडवी रेघ. ती काच आम्ही खरंच कधी पुसली नव्हती. मी कुणाला बोलले नाही.

परवा थंडीत घरी आले तर व्हॅनच्या सगळ्या काचा बंद, आतून धुक्याने पांढऱ्या झालेल्या. आत श्रीकांत एकटाच मागच्या खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी दार न वाजवता घरात गेले आणि चहा टाकला.