नाक्यावरची कैरी

जी कैरी साध्या पाण्यात बुडते, तीच मिठाच्या पाण्यात का तरंगते? या प्रश्नाचे उत्तर मी वर्गात अनेकदा दिले, बंदूकधाऱ्यांसमोर एकदाच.

पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवस. मी चंडीगडला शाळेत विज्ञान शिकवत होतो. पत्नीला दिवस गेले होते आणि तिच्या पोटात काही टिकत नव्हते. खारातली कैरी मिळाली तर दोन घास जेवेन, असे ती म्हणाली. छावणीतल्या एका मराठी मेजरांच्या आईंनी नुकत्याच घातलेल्या कैऱ्यांची काचेची बरणी मला दिली. कैऱ्या खाराबाहेर आल्या तर नासतात, म्हणून त्यांवर धुतलेला दगड ठेवला होता.

परतताना बस पोलिसांच्या तपासणी नाक्यावर थांबली. हवालदाराने बरणी उजेडात धरून दगडाचे कारण विचारले. मी ते सांगितले. त्याने दगड काढला. कैऱ्या वर आल्या. त्याने त्या बोटाने दाबल्या. त्या पुन्हा वर आल्या. आता त्याचा संशय दगडावरून कैऱ्यांवर सरकला. आत काय भरले आहे?

त्या पोकळ नाहीत हे दाखवण्यासाठी मी एक कैरी त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या पातेल्यात सोडली. ती तळाशी गेली. माझ्या मते विषय संपला होता.

"मास्टरजी," तो हळूच म्हणाला, "हमारे पानी में डूबता है, आपके पानी में तैरता है. यह आम है किसकी तरफ?"

मी समजावले: वस्तू आपल्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारते, तेवढे पाणी वस्तूहून जड असेल तर ती तरंगते, आणि मीठ पाण्याला जड करते. बसमधल्या एका वृद्ध सरदारणीने सुनावले, की आमच्या लोणच्यात तेल असते, त्याला पोलीस लागत नाहीत.

हवालदाराने नाक्यावरच्या आचाऱ्याकडचे सगळे मीठ पातेल्यात ओतवले आणि ढवळायला लावले. सारा नाका, रायफली सांभाळत, पातेल्यात वाकला. कैरी सावकाश वर आली. कोणीतरी टाळी वाजवली. मग प्यायला पाणी उरले नाही, हे आचाऱ्याच्या लक्षात आले.

बरणी सुटली. दगड मात्र फेकता येतो म्हणून जप्त झाला.

घरी पत्नीने वर तरंगणारी कैरी उचलली, आणि त्या दिवशी ती वरणभात जेवली.

अगदी कोवळी कैरी कधी साध्या पाण्यातही तरंगते. तेव्हा घट्ट, भरलेली कैरी घ्यावी, दोन भांडी घ्यावीत, आणि माझे म्हणणे आपण स्वतः तपासून पाहावे.