बाहेरून कुलूप
ड्रॉवरमधली ती जुनी किल्ली हाताला लागली की बोटांना लोखंडाचा वास येतो आणि एक दुपार आठवते. नाताळच्या सुट्टीत दोन विमानं आणि एक एसटी बदलून मलकापूरजवळच्या आमच्या गावी पोचले होते. चार दिवस भावकीतल्या घराघरांत चहा पिऊन आणि तेच तेच सांगून मी पार गळून गेले. पाचव्या दिवशी आईने मला घोंगडीत झोपवलं, दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि शेंगा फोडत पायरीवर बसली. खिडकीतून कारखान्याच्या मळीचा उग्र वास येत होता. डोळा लागतोय तोच चहाला न्यायला चुलते आले. "आवं भावजी, ती कराडला गेलीया," आई म्हणाली. "मग ह्ये बूट कुणाचं, वैनी?" "माजंच की! तिनंच आणल्यात." मी तोंडात घोंगडी कोंबून हसले आणि मग दिवस मावळेपर्यंत मेल्यासारखी झोपले. कुलूप निघालं तेव्हा आई दारात उभी होती, नऊवारीखाली माझे पांढरे बूट घालून. आता सुट्टीला गेले की ते कुलूप मीच उघडते. चहाला न्यायला कुणी येत नाही, आणि त्या घरात मला झोपही येत नाही.